डब्यावरचं हिरवं पान

वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' डब्यांबद्दल आमच्या भागात सगळ्यात कमी माहिती कुणाला असेल, तर ज्यांना सगळे विचारायला येतात त्यांना. म्हणजे आम्हाला. विकणाऱ्याला भाव पाठ असतो, घेणारीला शेजारणीचा अनुभव पाठ असतो. आणि डॉक्टर, औषध दुकानदार, नर्स, आशाताई ही मंडळी डब्यावरचं हिरवं पान बघतात आणि "झाडपाल्याचंच आहे, काही होत नाही" म्हणून मोकळी होतात.

माझं औषधांचं दुकान सिहोऱ्यात आहे. तुमसर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी, बपेऱ्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. चुल्हाड, हरदोली, बपेरा इथली माणसं बाजाराला येतात, नदीपलीकडची बालाघाटकडचीही येतात. डी.फार्म. करून या काउंटरमागे बसले त्याला बरीच वर्षं झाली. एवढ्यात जे कळलं ते आकडे घालून लिहिते आहे. वेळ नसेल तर तिसरा मुद्दा तेवढा वाचा.

१. परीक्षेत जे आलं नाही ते दुकानात येतं

आमच्या वेळी डी.फार्म.चा अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांवर चालायचा. त्यात फार्माकॉग्नॉसी हा विषय होता. सोनामुखीचं पान, इसबगोल, अडुळसा, सगळ्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, त्यावरचे केस आणि आतले स्फटिक वहीत काढायचे. पान ओळखायला आम्ही शिकलो. तेच पान भुकटी होऊन, आणखी दहाबारा भुकट्यांबरोबर कॅप्सूलमध्ये बसून, रक्तदाबाच्या गोळीशेजारी कुणाच्या पोटात गेलं तर काय होतं, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. २०२० मध्ये नियम बदलले. नव्या पोरापोरींना 'न्यूट्रास्युटिकल' हा शब्द तरी ओळखीचा असतो.

एमबीबीएस डॉक्टरांच्या पुस्तकात झाडं फार कमी. बीएएमएस डॉक्टरांना द्रव्यगुण येतं. हिरडा कुणाला देऊ नये हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. पण गार्सिनिया कॅम्बोजियाचा अर्क, हिरवी कॉफी, ग्वाराना ही नावं ना चरकात ना सुश्रुतात. त्यामुळे गंमत अशी होते की एमबीबीएस डॉक्टर म्हणतात, "आयुर्वेदवाल्यांना माहीत असेल," आयुर्वेदाचे डॉक्टर म्हणतात, "हे आमचं नाही, केमिस्टला विचारा," आणि केमिस्ट डबा उचलून किंमत बघतो.

मग माहिती येते कुठून? डबा विकणाऱ्याकडूनच. कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर, रंगीत पत्रक ठेवून जातो, त्यावर 'क्लिनिकली प्रूव्हन' असतं. कुणावर सिद्ध झालं, किती जणांवर, किती आठवडे, असं विचारलं की तो पुढच्या भेटीत सांगतो म्हणतो. पुढच्या भेटीला दुसराच एमआर येतो.

२. मागणीलाही हंगाम असतो

रोवणीच्या दिवसांत हा विषय कुणी काढत नाही. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला पोट कमी करायची गोळी नको असते, कंबरदुखीची हवी असते. धान घरात आलं, मंडया झाल्या, लग्नं जुळायला लागली की चौकशी सुरू होते. लग्न ठरलेल्या मुली, ऑपरेशननंतर अंगानं सुटलेल्या बाया, नुकतीच शुगर निघालेले मास्तर. बाकी औषधं मोठ्या आवाजात मागतात. हे मात्र दुकान रिकामं झाल्यावर, आवाज खाली करून. "ताई, पातळ व्हायची काही गोळी हाय का जी?"

विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींचं वजन मुळात जास्त नसतंच. देशपातळीवरच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या, २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के गरजेपेक्षा हडकुळ्या. या दोन्ही बाया माझ्या दुकानासमोर एकाच बाकावर बसलेल्या असतात, आणि कधीकधी डबा मागते ती दुसरी. म्हणून काटा आणि उंचीची पट्टी मी दुकानातच ठेवली आहे. निम्मी गिऱ्हाइकी तिथेच कमी होते. दुकानाच्या दृष्टीने हे वाईट, पण असो.

३. "आणखी काय घेता?" हे दोनदा विचारायचं

पहिल्यांदा विचारलं की उत्तर येतं, "काहीच नाही." कारण चूर्ण, काढा, सकाळचं कोमट पाण्यातलं सॅशे ही लोकांच्या लेखी औषधं नाहीतच. औषध म्हणजे डॉक्टरनी चिठ्ठीवर लिहिलेलं. म्हणून दुसऱ्यांदा वेगळं विचारायचं: "सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं? रात्री झोपताना काय घेता? कुणी काही आणून दिलं आहे का?" मग पदर सोडून पुडी बाहेर येते.

एक बाई थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं नियमाने घेणारी. तपासणीत आकडा बिघडत चालला, डॉक्टर मात्रा वाढवत गेले. दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की नणंदेने 'पोटाचा घेर कमी व्हायला' दिलेली इसबगोल आणि कसल्याशा तंतूंची भुकटी ती त्याच गोळीबरोबर, त्याच पेल्यातल्या पाण्याने घेत होती. असा कोंडा थायरॉइडची गोळी नीट शोषू देत नाही. दोन्हींत चारेक तासांचं अंतर लागतं. गोळी बदलायची गरज नव्हती, वेळ बदलायची होती. हे मी तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि पुढच्या तपासणीनंतर मात्रा कमी झाली.

दुसरा, शुगरवाला माणूस. ग्लिमेपिराइड सुरू. शेजारच्या गावातून 'वजन आणि शुगर दोन्हींवर' म्हणून गुडमार, मेथी, कारलं, जांभळाची बी असलेलं चूर्ण आणलं. यातलं एकेक तसं साधंच, आपल्या स्वयंपाकघरातलं किंवा बांधावरचं. पण साखर उतरवणारी गोळी, साखर उतरवणारं चूर्ण, वर वजन घटावं म्हणून रात्रीचं जेवण बंद. पहाटे घामाने चिंब होऊन हातपाय थरथरू लागले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. नशिबाने घरात गूळ होता.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. 'पोट साफ, वजन माफ' छापाची चूर्णं. त्यांत बहुधा सोनामुखी असते, कधी कोरफडीचा वाळवलेला रस. दोनचार दिवसांत काटा खाली येतो, कारण अंगातलं पाणी जातं. चरबी जिथल्या तिथे. पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. त्याच माणसाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती आणखी पोटॅशियम काढते. मग पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर गोष्ट दवाखान्यावर जाते. नागपूरला झडप बदलून आलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला तर मी साधा हिरव्या चहाचा अर्कसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही.

हे सगळं परदेशातल्या संशोधनातून आपल्याला कळतं, असं समजू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं की गुग्गुळाचा अर्क बरोबर दिला की डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या हृदयाच्या दोन औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. मेदोहर म्हणून विकल्या जाणाऱ्या निम्म्या डब्यांवर गुग्गुळ असतो. आपल्याच राज्यात झालेलं हे काम इतक्या वर्षांत माझ्या एकाही एमआरच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

४. डबा उलटा करा

समोरच्या बाजूला बारीक कमरेची बाई असते. कामाचं सगळं मागे, मुंगीच्या अक्षरात.

आधी परवाना बघायचा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर कायद्याच्या लेखी ते अन्न आहे, औषध नाही. अशा पूरक अन्नासाठी २०१६ चे नियम आहेत आणि त्यानुसार डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. छापलेलं असतंही. फक्त ते वाचायला भिंग लागतं. त्याऐवजी आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना असेल तर तो १९४० च्या औषध कायद्याखालचा, म्हणजे वस्तू औषध म्हणून बनवलेली आहे. दोन्ही नसेल तर बोलणं संपलं.

मग घटक. सगळ्या वनस्पतींची नावं ओळीने आणि पुढे सगळ्यांची मिळून एकच मात्रा असेल, तर कुठलं किती हे कुणालाच कळत नाही, अगदी द्रव्यगुण शिकलेल्यालाही नाही. नुसतं 'अर्क' लिहिलं आहे की 'चूर्ण', हेही बघायचं. पानाची भुकटी आणि त्या पानातलं एकच द्रव्य काढून केलेला अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि आता एक गोष्ट, जी कळल्यावर मी स्वतः चकित झाले. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या आजारांवरच्या उपायांची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. कर्करोग, मधुमेह यांच्याबरोबर त्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे 'महिन्यात दहा किलो' असं औषधाच्या नावाखाली छापणं सत्तर वर्षांपासून बेकायदा आहे. बसस्थानकाच्या भिंतीवर बघा, विजेच्या खांबावर बघा, मोबाइलवर बघा. मी तर म्हणेन, जो डबा किलोंचा आकडा देतो त्याचं पुढचं काही वाचायची गरजच नाही.

५. बहुतेक डबे आमच्याकडून जातच नाहीत

आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, किरकोळीत विकायला लागत नाही. त्यामुळे ते किराण्यात मिळतं, मेळ्यात मिळतं. पूरक अन्नाचे डबे साखळीतून येतात: आधी वहिनी घेते, मग वहिनीच 'वेलनेस कोच' होते, आणि नात्यातली माणसं तिची गिऱ्हाइकं. उरलेलं पार्सलने येतं. डॉक्टरची चिठ्ठी नाही, बिल नाही, नोंद नाही. म्हणून 'मी असलं काही ठेवतच नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्या केमिस्टला मी नेहमी म्हणते: तुम्ही विकत नसाल, पण त्या डब्याने बिघडलेलं पोट तुमच्याकडेच औषध मागायला येतं.

६. फार लवकर गुण आला तर घाबरायचं

झाडपाल्याने वजन उतरलंच तर सावकाश आणि थोडं. आठवड्यात भूक मेली, तोंड सुकलं, झोप उडाली, छाती धडधडायला लागली आणि काटा धावत खाली आला, तर कॅप्सूलमध्ये पान नसून काहीतरी वेगळं आहे असं धरून चालावं.

ते वेगळं बहुतेकदा सिब्युट्रामिन असतं. भूक मारणारं हे औषध एकेकाळी रीतसर मिळायचं, आमच्याकडेही चिठ्ठ्या यायच्या. हृदयाचा त्रास असलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसले, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानेही बंदी घातली. दुकानातून गेलं आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' डब्यांत शिरलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्षानुवर्षं अशा कितीतरी तथाकथित वनस्पतिजन्य डब्यांतून ते पकडलं आहे. बरोबर कधीकधी फेनॉल्फ्थॅलीनही निघतं. प्रयोगशाळेत अल्काने गुलाबी होणारा थेंब आठवतो ना, तेच. जुन्या काळचं जुलाबाचं औषध, कर्करोगाच्या शंकेने बाजूला टाकलेलं.

हे तपासायचं यंत्र सिहोऱ्यात नाही, तुमसरातही नाही. आपल्या हातात नाडी आणि रक्तदाबाचं यंत्र आहे. डबा सुरू केल्यापासून दोन्ही वाढले असतील तर मी डबा बंद करायला सांगते आणि माणसाला डॉक्टरकडे धाडते.

७. नाव मोठं, पुरावा लहान

गार्सिनियाचं उदाहरण घ्या. आपल्या कोकमाचाच भाऊ, केरळात माशाच्या कालवणात घालतात. त्यातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने चरबी बनणं थांबतं अशी कल्पना. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला १३५ जादा वजनाच्या माणसांवर बारा आठवडे ती तपासली गेली. अर्क घेणाऱ्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं. पिठाची खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो! दोन्ही गटांना कमी उष्मांकाचं जेवण होतं, काम त्याने केलं होतं. इतकं होऊनही गार्सिनियाची विक्री पुढे वाढतच गेली.

हिरव्या कॉफीची कथा तर आपल्या देशातली. २०१२ मध्ये सोळा माणसांवरच्या एका अभ्यासाने ती एकदम प्रसिद्धीला आली. प्रयोग बेंगळुरूत झालेला. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने शोधून काढलं की मुख्य संशोधकाने सहभागी माणसांची वजनंच वारंवार बदलली होती. २०१४ मध्ये हा अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले, शोधनिबंध मागे घेतला गेला. सॅशे मात्र आजही पार्सलने आमच्या गावात येतात.

गुग्गुळाबद्दल मी इतकी फटकळ होणार नाही. १९६६ मध्ये बनारसला जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन वाचून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. ग्रंथातलं वाक्य घेऊन ते पारखायचं, हे फार सुंदर काम होतं आणि त्यातून देशात बरंच संशोधन उभं राहिलं. नंतर २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. वैद्याने माणूस पाहून, पथ्य सांगून दिलेला गुग्गुळ आणि टीव्ही बघून मागवलेला गुग्गुळ यांची मी गल्लत करत नाही. पण माझ्याकडे मागायला येतात तो दुसरा.

आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दोन वेळच्या जेवणाची गोष्ट घरोघरी पोचली. त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, ते राहोत. निदान त्यात डबा विकत घ्यावा लागत नाही.

८. डोळे पिवळे झाले की दोन प्रश्न

या डब्यांचा खरा धोका यकृताला. एखाद्यालाच होतो, पण कुणाला ते आधी सांगता येत नाही. हिरवा चहा कपातून प्यायला तर बहुतेकांना काही होत नाही. पण त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताची इजा दाखवणारे आकडे वाढतात, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत उकळली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृत बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ती दुसऱ्याच जातीची, सारखी दिसणारी वेल असेल. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. त्यातल्या अनेकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याची लक्षणं होती. वाद आमच्यासारख्यांनी सोडवण्यातला नाही. गुळवेल वाईट असंही मी म्हणत नाही. थायरॉइड, सांधेवात, अंगावर पांढरे डाग अशा प्रकारचा आजार असलेल्यांना मात्र वजनासाठी गुळवेल महिनोन्महिने घेऊ नका, एवढं मी सांगते.

आमच्या भागातली अडचण आणखी वेगळी आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की माणूस आधी काविळीच्या औषधाला जातो. गळ्यात माळ पडते, वर पाला वाटून प्यायला देतात. म्हणजे एका पाल्याने दुखावलेल्या यकृतावर दुसरा पाला, आणि पहिला डबा चालूच, कारण तो 'ताकदीचा'. त्यात पूर्व विदर्भात सिकलसेल आहे; काही घरांत पोरांचे डोळे एरवीही पिवळसर असतात, त्यामुळे कुणी लवकर दचकत नाही. म्हणून पिवळे डोळे दिसले की माझे दोन प्रश्न ठरलेले: सिकलसेल आहे का, आणि गेल्या तीन महिन्यांत कुठला डबा, पुडी, काढा चालू होता का? दुसऱ्याचं उत्तर हो आलं की सगळंच थांबवायचं, माळ राहिली तरी हरकत नाही, आणि रक्त तपासायला पाठवायचं.

९. हसू नका

आमच्याकडचे काही डॉक्टर झाडपाल्याचं नाव निघालं की रोग्याला सगळ्यांसमोर झापतात. त्या रोग्याकडून त्यांना पुढे काहीही कळत नाही. तो पुडी घेतच राहतो, फक्त सांगत नाही.

आणि झापायचं कशाच्या जोरावर? जंगलालगतच्या गावांतले म्हातारे हिरडा, बेहडा, भुईनिंब पानावरून, सालीवरून, वासावरून ओळखतात. आम्ही पुस्तकातल्या चित्रावरून ओळखतो. खरी गोची अशी की डब्यातली भुकटी दोघांनाही ओळखता येत नाही. ब्रुसेल्सच्या वजन कमी करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये १९९० च्या सुमारास चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत होते. 'फांगची' नावाच्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एकीच्या जागी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकियाच्या कुळातली, मिसळली गेली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांचीच, मूत्रपिंडं गेली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथे देणारे डॉक्टर होते, पांढऱ्या कोटातले. म्हणून जंगलातल्या म्हाताऱ्याला हसण्याआधी, आपल्या फळीवरची भुकटी कुणी ओळखून भरली हे विचारावं.

१०. कळवायला खात्री लागत नाही

औषधाचा त्रास झाला असा नुसता संशय असला तरी नोंद करता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा हा कार्यक्रम २०१० पासून आहे. फोन फुकट: १८००-१८०-३०२४. डॉक्टरच पाहिजे असं नाही; फार्मासिस्ट, नर्स, खुद्द रोगीही कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधांसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे वेगळी व्यवस्था आहे. डब्याचा फोटो, बॅच क्रमांक, कधीपासून घेतलं, सोबत काय घेत होते. डबा फेकू नका म्हणून मी आवर्जून सांगते, रिकामा असला तरी. आमच्या व्यवसायात हे काम पगाराचं नाही म्हणून कुणी करत नाही, आणि मग 'तक्रारच नाही' हाच पुरावा म्हणून पत्रकावर छापला जातो.

११. नवीन नाव, जुना प्रश्न

२०२५ मध्ये वजनाच्या आठवडी सुया देशात आल्या. आमच्याकडे त्या कुणाला परवडत नाहीत, पण त्यांची कीर्ती मोबाइलवरून आधीच पोचली, आणि पाठोपाठ 'नैसर्गिक सुई', 'सुईचा झाडपाल्याचा भाऊ' अशी नावं लावून बर्बेरीनच्या कॅप्सूल. बर्बेरीन म्हणजे आपल्या दारुहळदीतलं पिवळं द्रव्य. साखर आणि कोलेस्टेरॉल ते थोडं उतरवतं, याला बरा आधार आहे. वजन नावापुरतं. आणि इतर बऱ्याच औषधांचा निचरा यकृतात जिथे होतो तिथेच ते आडवं येतं. गरोदरपणात, आणि तान्हं मूल अंगावर पीत असताना ते अजिबात नको; बाळाची कावीळ त्याने वाढून मेंदूपर्यंत जाऊ शकते.

परवा एक सून अशीच डबी घेऊन आली, कडेवर दोनेक महिन्यांचं बाळ. तिला विकत काही नको होतं, "हे चालते का जी" एवढंच विचारायचं होतं. डबी उलटी केली. गरोदर बायांसाठी एक ओळ होती, दूध पाजणाऱ्यांसाठी एकही नाही. नको म्हटलं, का नको तेही सांगितलं. तिने डबी पिशवीत टाकली, क्षणभर थांबली.

"मंग दीक्षित डायट चालते का?"

बाळ पितं तोवर उपाशी राहायचं काही काढू नको, म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचार. आणि जाताना ही डबी त्यांनाही दाखव.